विश्लेषण : कच्चे बीजगणित संगणक पक्के करू शकतो का? अमेरिकी महाविद्यालयांचा अनुभव काय सांगतो?

शाळेत बीजगणित कच्चे राहिलेला विद्यार्थी महाविद्यालयात आला, तर त्याला ते पुन्हा कोणी शिकवायचे? अमेरिकेतील अनेक सार्वजनिक महाविद्यालयांनी गेल्या अडीच दशकांत हे काम संगणकावर सोपवून पाहिले. विद्यार्थी स्वतःच्या गतीने शिकतील, चुका लगेच कळतील आणि खर्चही वाचेल, अशी अपेक्षा होती. त्यातले काय खरे ठरले, काय फसले आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांना त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

प्रश्न किती मोठा आहे?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, कमी शुल्काचे आणि जवळजवळ सर्वांना प्रवेश देणारे सार्वजनिक महाविद्यालय. नोकरी करून शिकणारे, संसार सांभाळणारे, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेले अनेक जण येथे असतात. प्रवेशाच्या वेळी त्यांची गणिताची चाचणी घेतली जाई. तीत कमी पडणाऱ्यांना आधी ‘उपचारात्मक’ गणित पूर्ण करावे लागे. त्याच्या पायऱ्या साधारण अशा : अंकगणित, बीजगणितपूर्व गणित, प्राथमिक बीजगणित आणि मग माध्यमिक बीजगणित. या विषयांचे शुल्क भरावे लागते, पण पदवीसाठी त्यांचे श्रेयांक धरले जात नाहीत.

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील संशोधकांनी २०१० मध्ये अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. उपचारात्मक गणित घ्यायला सांगितलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश विद्यार्थ्यांनीच ते पूर्ण केले होते. ज्यांना तीन किंवा अधिक पायऱ्या खालून सुरुवात करावी लागली, त्यांच्यात हे प्रमाण सहापैकी एक इतकेच होते. आणखी एक गोष्ट या अभ्यासातून पुढे आली. नापास होऊन गळलेल्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न नोंदवून गळलेले विद्यार्थी जास्त होते.

यामागचे गणित सोपे आहे. समजा, प्रत्येक पायरीवर १०० पैकी ७० जण पुढे सरकतात. वर्गाचा ७० टक्के निकाल कोणत्याही प्राध्यापकाला वाईट वाटणार नाही. पण अशा तीन पायऱ्या असतील तर शेवटी उरतात ३४. प्रत्येक वर्ग ठीक चालत असूनही शिडी मात्र बहुतेकांना खाली पाडते.

संगणक या वर्गात आला कसा?

संगणकावर शिकवण्याची कल्पना जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही प्रणाली १९६० मध्येच सुरू झाली होती. पण महाविद्यालयीन गणिताचा चेहरा बदलला तो १९९७ मध्ये. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने एका बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेत शेकडो संगणकांची ‘मॅथ एम्पोरियम’ ही प्रयोगशाळा उभारली. व्याख्यान नाही, फळा नाही. विद्यार्थ्याने यायचे, संगणकावर धडा वाचायचा, गणिते सोडवायची. अडले तर संगणकावर लाल रंगाचा प्लास्टिकचा पेला ठेवायचा. तो पाहून मदतनीस जवळ येतो.

या पद्धतीमागचा विचार चुकीचा नव्हता. गणित ऐकून येत नाही, करून येते. शंभर जणांच्या व्याख्यानात मान डोलावणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा स्वतः वीस उदाहरणे सोडवणारा जास्त शिकतो. कॅरोल ट्विग यांच्या ‘नॅशनल सेंटर फॉर अ‍ॅकॅडेमिक ट्रान्सफॉर्मेशन’ या संस्थेने हे प्रारूप देशभर नेले. २००९ नंतर गेट्स फाउंडेशनच्या मदतीने तीसहून अधिक कम्युनिटी कॉलेजांनी आपले उपचारात्मक गणित या धर्तीवर बदलले. व्हर्जिनिया राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांनी २०१२ मध्ये अभ्यासक्रमाचे नऊ छोटे भाग केले. आपल्याला जे येत नाही तेवढाच भाग विद्यार्थ्याने करावा, ही त्यामागची कल्पना.

पण या प्रवासात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. व्हर्जिनिया टेक हे प्रवेशासाठी चुरस असलेले विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्याला अभ्यास कसा करायचा हे बहुधा ठाऊक असते. त्याच्यासाठी बेतलेली पद्धत उचलून ज्याला अभ्यासाची सवयच लागलेली नाही, अशा विद्यार्थ्यापुढे ठेवण्यात आली.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

येथे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे मायमॅथलॅबसारखे पाठ्यपुस्तकाला जोडलेले गृहपाठाचे सॉफ्टवेअर. ते प्रत्येकाला वेगवेगळे आकडे घालून उदाहरण देते, उत्तर लगेच तपासते आणि अडल्यास तसेच दुसरे उदाहरण सोडवून दाखवते.

दुसरा प्रकार विद्यार्थ्याचा अंदाज घेत पुढे सरकतो. ‘अ‍ॅलेक्स’ हे त्याचे ठळक उदाहरण. जाँ-क्लोद फाल्मान्य आणि जाँ-पॉल दुआन्यों यांनी मांडलेल्या ‘नॉलेज स्पेस’ या गणिती सिद्धांतावर ते उभे आहे. कोणता घटक आल्याशिवाय कोणता येत नाही, याचा नकाशा सॉफ्टवेअरकडे असतो. मोजके प्रश्न विचारून ते विद्यार्थी नकाशावर कुठे उभा आहे हे ठरवते आणि जे शिकायला तो तयार आहे तेवढेच पुढे ठेवते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधनातून आलेले ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ तर प्रत्येक पायरी तपासते, फक्त शेवटचे उत्तर नाही.

याचे फायदे खरे आहेत. पस्तिशीतल्या विद्यार्थ्याला भर वर्गात ‘ऋण गुणिले ऋण धन का?’ असे विचारायला लाज वाटते. संगणकापुढे वाटत नाही. चूक आठवड्याने वहीत लाल शाईने कळण्याऐवजी त्याच क्षणी कळते. एकाला अपूर्णांक अडतात, दुसऱ्याला कंस; दोघांना एकाच गतीने पळवावे लागत नाही.

मग निकाल काय लागले?

टेक्सासमधील टॅरंट काउंटी कॉलेजमध्ये ‘मॉडमॅथ’ नावाचा असाच कार्यक्रम राबवण्यात आला. छोटे भाग, संगणकावर स्वतःच्या गतीने शिकणे, वर्गात प्राध्यापक आणि मदतनीस हजर. एमडीआरसी या संशोधन संस्थेने सुमारे १,४०० विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एक गट मॉडमॅथमध्ये गेला, दुसऱ्याला नेहमीचे वर्ग खुले राहिले. २०१८ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की उपचारात्मक गणित पूर्ण करण्यात नवी पद्धत जुन्या वर्गापेक्षा सरस ठरली नाही.

त्याआधी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने ‘उडॅसिटी’ या कंपनीबरोबर तीन विषय पूर्णपणे ऑनलाइन सुरू केले. त्यात उपचारात्मक गणितही होते. जानेवारीत मोठा गाजावाजा झाला. पहिल्या सत्राचे निकाल प्रत्यक्ष वर्गापेक्षा बरेच खाली आल्यावर जुलैत प्रयोग थांबवावा लागला.

वॉशिंग्टन राज्यातील सुमारे ४० हजार कम्युनिटी कॉलेज विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही पूर्ण ऑनलाइन विषयांत विद्यार्थ्यांची कामगिरी घसरलेली दिसली. सर्वाधिक घसरण तरुण मुलगे, कृष्णवर्णीय आणि आधीच कमी गुण असलेले यांच्यात होती. ज्यांच्यासाठी सोय करायची, त्यांनाच ती सर्वात कमी लाभली.

‘स्वतःच्या गतीने’ म्हणजे कोणत्या गतीने?

सॉफ्टवेअरच्या जाहिरातीतला हा आवडता शब्दप्रयोग. हुशार विद्यार्थी त्याचा अर्थ ‘लवकर संपवतो’ असा घेतो. दिवसभर दुकानात उभा राहून संध्याकाळी प्रयोगशाळेत येणारा विद्यार्थी ‘उद्या करतो’ असा घेतो. वर्गाचे वेळापत्रक जाचक असते, पण ते विद्यार्थ्याला ओढत पुढे नेते. मंगळवारी कंस संपले, गुरुवारी समीकरणे सुरू झाली, म्हणजे मागे पडलेल्याला निदान आपण मागे पडलो हे कळते. स्वतःच्या गतीत मागे पडणे दिसतच नाही.

शिवाय अभ्यासक्रमाचे तुकडे जितके जास्त, तितक्या वेळा विद्यार्थ्याने ‘पुढचा भाग घेऊ की नको’ हे ठरवायचे. आणि गळती नेमकी तिथेच होते, हे २०१० च्या अभ्यासाने दाखवून दिले होते.

लाल पेल्याचेही तसेच. मदत आहे, पण ती मागावी लागते. आपल्याला काय कळले नाही हे ज्याला सांगता येते, तोच पेला ठेवतो. ज्याला काहीच कळलेले नसते तो गप्प बसतो, किंवा ‘असेच उदाहरण दाखवा’ हे बटण दाबून आकडे बदलत राहतो. मॉडमॅथच्या खोलीत माणसे होती, तरी फरक का पडला नाही, याचे एक उत्तर येथे असावे. माणूस खोलीत असणे आणि त्याने आपणहून विद्यार्थ्याजवळ जाणे, या दोन गोष्टींत अंतर आहे.

बरोबर उत्तर म्हणजे समजले असे का नाही?

एक साधे उदाहरण घेऊ. ३(क्ष + ४) हा कंस सोडवताना विद्यार्थी ३क्ष + ४ लिहितो. सॉफ्टवेअर ‘चूक’ म्हणते आणि ३क्ष + १२ दाखवते. पुढच्या वेळी तो ५(क्ष + २) चे ५क्ष + १० बरोबर करतो. पण त्याला काय कळले? तीन पिशव्या आहेत, प्रत्येकीत क्ष आंबे आणि चार पेरू. म्हणजे पेरूही तिप्पट होणार, हे? की ‘बाहेरचा आकडा दोन्हीकडे लावायचा’ एवढेच? दुसरा विद्यार्थी उद्या (क्ष + ४) चा वर्ग करताना वर्गही ‘दोन्हीकडे लावतो’ आणि क्ष² + १६ लिहितो. मधले ८क्ष गायब. नियम पाठ होता, अर्थ नव्हता.

हा धोका संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. १९७३ मध्ये स्टॅन्ली एर्लवँगर या संशोधकाने बेनी नावाच्या सहावीतल्या मुलावर लिहिलेला अभ्यास गणित शिक्षणात आजही वाचला जातो. बेनी कागदावरच्या स्वयंगती कार्यक्रमातून शिकत होता. चाचण्या पार करत तो वर्गातल्या पुढच्या मुलांत गणला जाई. एर्लवँगर यांनी त्याच्याशी बोलून पाहिले तेव्हा कळले, की त्याच्या मते २/१० म्हणजे १.२ आणि ५/१० म्हणजे १.५. अंश आणि छेदाची बेरीज करून मध्ये दशांशचिन्ह ठेवायचे, असा त्याचा स्वतःचा नियम होता. गणित म्हणजे उत्तरपत्रिकेशी जुळणारे उत्तर शोधण्याचा खेळ, अशी त्याची समजूत झाली होती. कार्यक्रमाने त्याची उत्तरे तपासली, पण ‘हे कसे काढलेस?’ असे कोणी विचारलेच नाही.

संगणकावर हा खेळ अधिक वेगाने खेळता येतो. रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की सूचना भराभर उघडत उत्तरापर्यंत पोहोचणारे आणि अंदाजाने पर्याय टाकत राहणारे विद्यार्थी इतरांपेक्षा लक्षणीय कमी शिकतात. आता तर मोबाइलचा कॅमेरा समीकरणावर धरला की पायऱ्यांसह उत्तर मिळते. त्यामुळे घरी पूर्ण झालेल्या गृहपाठाच्या हिरव्या खुणांवरून विद्यार्थ्याला काय येते, हे ठरवणे आणखी कठीण झाले आहे.

सॉफ्टवेअर कुठे उपयोगी ठरले?

याचा अर्थ सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे असा नाही. रँड कॉर्पोरेशनने सात राज्यांतील शाळांत ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’च्या बीजगणित अभ्यासक्रमाची चाचणी घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या वर्षी फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी मात्र माध्यमिक शाळांत स्पष्ट सुधारणा दिसली. शंभरांत पन्नासाव्या क्रमांकावर असणारा विद्यार्थी साधारण आठ जागा वर सरकावा, इतकी. या अभ्यासक्रमात आठवड्याचे तीन दिवस शिक्षकासह वर्गात आणि दोन दिवस संगणकावर, अशी विभागणी अपेक्षित होती. शिक्षकांना ती पद्धत अंगवळणी पडायलाही वर्ष लागले असावे.

भारतातलेही एक उदाहरण आहे, शालेय पातळीवरचे. दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ केंद्रांवर कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉटरीने निवडलेल्या मुलांनी अवघ्या साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत इतरांपेक्षा मोठी झेप घेतली. येथे दीड तासाच्या सत्रात ४५ मिनिटे सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटे बारा-पंधरा मुलांच्या गटाला माणूस शिकवत असे. मुले ज्या इयत्तेत बसत होती, त्याच्या कितीतरी मागे त्यांची खरी पातळी होती. सॉफ्टवेअरने ती ओळखून तिथून सुरुवात केली. ते काम चाळीस मुलांच्या वर्गातला शिक्षक एकटा करू शकत नाही.

दोन्ही उदाहरणांत समान धागा एकच. सराव आणि निदान यंत्राकडे, समजावणे आणि विचारणे माणसाकडे. आणि माणसाचा वेळ वेळापत्रकात बांधलेला, मागेल त्यालाच मिळणारा नाही.

मुळात सर्वांना तेच बीजगणित हवे का?

सॉफ्टवेअरच्या चर्चेत हा मोठा प्रश्न मागे पडतो. परिचारिका, समाजकार्य किंवा इतिहास शिकणाऱ्याला बहुपदींचे अवयव पाडता आलेच पाहिजेत का?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये तीन कम्युनिटी कॉलेजांतील ९०७ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. प्राथमिक बीजगणित घ्यायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांची लॉटरीने विभागणी झाली. काहींना नेहमीचे बीजगणित मिळाले, काहींना त्यासोबत साप्ताहिक कार्यशाळा, तर काहींना थेट महाविद्यालयीन पातळीचे संख्याशास्त्र आणि कार्यशाळा. बीजगणितात उत्तीर्ण झाले ३९ टक्के, कार्यशाळेसह बीजगणितात ४५ टक्के आणि संख्याशास्त्रात ५६ टक्के. पुढे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाणही संख्याशास्त्राच्या गटात अधिक आढळले. म्हणजे ‘कच्चे’ ठरवलेले विद्यार्थी वरच्या पातळीचा विषय आधार मिळाल्यावर पेलू शकले.

प्रवेश चाचण्यांवरही प्रश्नचिन्ह लागले. गणितात साधारण चारपैकी एका विद्यार्थ्याला या चाचण्या चुकीच्या पायरीवर बसवतात आणि शाळेतील एकूण गुण हा अधिक भरवशाचा निकष आहे, असे संशोधनातून दिसले. त्यानंतर धोरणे बदलली. फ्लोरिडाने २०१३ च्या कायद्याने अनेकांसाठी उपचारात्मक वर्ग ऐच्छिक केले. टेनेसीने २०१५ पासून मुख्य विषय आणि त्याचा आधारवर्ग एकाच सत्रात देणे सुरू केले. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये ‘एबी ७०५’ हा कायदा करून विद्यार्थ्यांना थेट पदवीपात्र गणितात बसवण्याकडे महाविद्यालयांना वळवले.

ज्याला अभियंता व्हायचे आहे, त्याला बीजगणिताला पर्याय नाही, हेही तितकेच खरे. त्याला संख्याशास्त्र देऊन पुढे पाठवणे ही फसवणूक ठरेल. पण जी शिडी सर्वांना चढायचीच नाही, तिच्या पायऱ्या संगणकावर आणल्याने ती छोटी होत नाही.

वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला येतो?

सॉफ्टवेअरमुळे शिक्षकाचे पेपर तपासण्याचे, तेच ते उदाहरण फळ्यावर सोडवण्याचे तास वाचतात. हे तास कुठे जातात, यावर सारे अवलंबून आहे. ते विद्यार्थ्यांशी बोलण्यात गेले तर सॉफ्टवेअर वरदान आहे. एका प्राध्यापकाकडे दुप्पट विद्यार्थी सोपवण्यात गेले, तर ती बचत संस्थेची. विद्यार्थ्याला फक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचे वाढीव शुल्क मिळते. बचतीचा हेतू एम्पोरियम प्रारूपात सुरुवातीपासून उघड होता. त्यात गैर काही नाही, पण बचत आणि उपचार ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. पहिले साधले म्हणजे दुसरे साधले असे होत नाही.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

आपल्याकडे उपचारात्मक बीजगणिताची अशी शिडी नाही, पण प्रश्न आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित, ज्याला विद्यार्थी ‘एम-वन’ म्हणतात, त्यात केटी लागलेल्यांपैकी अनेकांची अडचण कलनात नसते. ती आठवी-नववीच्या कंसात आणि अपूर्णांकात असते. वाणिज्य शाखेत टक्केवारी आणि सूत्रे अडतात. दुसरीकडे प्राध्यापकांच्या रिक्त जागा आणि तासिका तत्त्वावर चाललेले विभाग. अशा वेळी एखादे पोर्टल घेऊन ‘ब्रिज कोर्स’ उरकण्याचा मोह मोठा असतो. ‘स्वयम’सारख्या मंचावरचे श्रेयांक स्वीकारण्याची मुभाही आता आहे.

पोर्टल जरूर घ्यावे. पण आधी काही गोष्टी ठरवून. पहिले, सॉफ्टवेअर निदानासाठी वापरावे. कोणाचे नेमके काय कच्चे आहे, हे पहिल्या पंधरवड्यात कळले तर पुढचे सोपे जाते. दुसरे, आधारवर्ग वर्षभर आधी किंवा वेगळा न ठेवता मुख्य विषयाच्या बरोबरीने, वेळापत्रकात ठरलेल्या तासाला व्हावा. तिसरे, तीन दिवस ज्याने पोर्टल उघडलेले नाही किंवा जो त्याच घटकावर अडून आहे, त्याची यादी शिक्षकाच्या हाती यावी आणि त्याला बोलावणे हे शिक्षकाच्या कार्यभारात धरले जावे. चौथे, आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाने एखादे गणित तोंडी समजावून सांगावे. बरोबर आलेलेही.

यातले एकही काम महागडे नाही, पण प्रत्येकाला माणूस लागतो. अमेरिकेने लाखो विद्यार्थ्यांच्या सत्रांची किंमत मोजून हे शिकले. संगणक चूक दाखवेल, न कंटाळता शंभर वेळा दाखवेल. ‘हे कसे काढलेस?’ असे विचारून उत्तर शांतपणे ऐकून घेणारा शिक्षक मात्र महाविद्यालयालाच नेमावा लागेल.